जाळ्यातलं कासव

मंडळी, आज सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर नातीला मालवणच्या गाडीत बसवलं. समुद्री जीवांच्या पाहणीला निघालीय.

"आजोबा, तुम्हीपण गेला होता ना? कासव दिसलेलं का?"

"दिसलं की," एवढंच बोललो.

शहात्तर साली कॉलेजच्या सरांबरोबर तिथंच गेलो होतो. तोंडात नळी धरून पाण्याखाली बघतोय, तर जाळ्यात अडकलेलं कासव श्वासासाठी धडपडत होतं. माझ्या कमरेला चाकू होता. पण आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्यांचंच ते जाळं. कापू की नको करत राहिलो, तोवर त्याची हालचाल थांबली. सरांना म्हणालो, "आधीच मेलं हुतं."

हे आज पहिल्यांदाच सांगतोय. नातीला सांगू का? तुम्ही सांगितलं असतं?