काकू, किचन!

आमच्या कोलशेतच्या सोसायटीत पूर्वी टेनिस कोर्ट होतं. तिथे कोणी टेनिस खेळल्याचं मला आठवत नाही. लोक पोरांना सायकल शिकवायचे, गणपतीत मांडव पडायचा. मग कुठून तरी पिकलबॉल आला आणि बघता बघता त्या एका कोर्टाची लहान लहान कोर्टं झाली. ऑफिसातून मरगळून परतणारी पोरंपोरी आता जेवायच्या आधी बॅट घेऊन खाली उतरतात. चेंडू प्लास्टिकचा, भोकाभोकांचा, पण आवाज लाटणं ओट्यावर आपटल्यासारखा. जागा मिळवायला मोबाइलवर झुंबड. दिवसभर खुर्चीत बसून वैतागलेल्या या मुलांना एवढा जोर येतो कुठून, असं मी गॅलरीतून बघत राहायचे.

मी तेव्हा फार दमलेली असायचे. ताप नाही, दुखणं नाही, रक्ताचे रिपोर्टही नॉर्मल. हे निवृत्त होऊन घरी बसले होते आणि त्यांना सारखं काहीतरी लागायचं. चहा, चष्मा, चार्जर, परत चहा. माणूस वाईट नाही. हाक मारली की ही येते, एवढी त्यांना सवय.

एका संध्याकाळी मुलीचा खालून फोन आला. "आई, आमच्यातला एक जण आलाच नाही. स्लॉट फुकट जाईल गं. तू ये ना! कोपरला आजीकडे बॅडमिंटन खेळायचीस ना तू?"

खेळायचे खरी. माहेरी, गच्चीवर, पाण्याच्या टाकीला दोरी बांधून. लग्नानंतर ती रॅकेट कुठे गेली ते मी कधी विचारलंही नाही. पंजाबी ड्रेसवर चालायचे बूट चढवले आणि उतरले.

मला नेटजवळ उभं केलं. नियम सांगायला कोणाला सवड नव्हती. "आला की मारायचा, काकू," एवढंच पलीकडचा दाढीवाला पोरगा म्हणाला. आणि काय सांगू, हात विसरला नव्हता! दोन-तीन चेंडू नीट परत गेले. मग एक उंच आला. मी पुढे झाले आणि टप्पा पडायच्या आत सणसणीत हाणला.

"काकू, किचन! किचन!" तो पोरगा ओरडला.

दूध! गॅसवर दूध राहिलं असणार. वर बघायचंही भान राहिलं नाही. बॅट हातात तशीच, मी गेटमधून लिफ्टकडे धावत सुटले. मागून मुलगी हाका मारत होती, पण मला काही ऐकू येत नव्हतं.

गॅस बंद होता. दूध फ्रिजमध्ये होतं. किचन जसं ठेवून गेले होते तसंच, स्वच्छ.

हे टीव्हीसमोर होते. मान न वळवता म्हणाले, "बरं झालं आलीस. चहा टाक जरा."

आणि मी टाकला. बॅट ओट्यावर ठेवून, आलं किसून, नेहमीसारखा. चहा उकळत असताना खालून परत टक-टक सुरू झाली. त्यांना कोणीतरी मिळालं होतं. मला एकदम रडू आलं. तो एक तास मला किती हवा होता ते मला तेव्हाच कळलं.

मुलगी वर आली ती हसून हसून लाल झालेली. माझा चेहरा बघितला आणि हसू आवरलं. मग तिने मला डायनिंग टेबलावर दोन चमचे आडवे ठेवून समजावलं. नेटच्या दोन्ही बाजूंना जो पट्टा असतो त्याला किचन म्हणतात. तिथे उभं राहून चेंडू वरच्या वर मारायचा नाही.

"म्हणजे आत जायचंच नाही?"

"जायचं गं. पण आधी टप्पा पडू द्यायचा. आत जायचं, मारायचं आणि लगेच मागे यायचं. आत उभं नाही राहायचं."

दुसऱ्या दिवशी दाढीवाला म्हणाला, "काकू, तुम्ही तर डायरेक्ट घरीच पळालात यार!" सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून मी अधूनमधून जाते. गुडघे बोलतात, दुसऱ्या दिवशी खांदा उचलवत नाही. दमणूक काही गेलेली नाही.

परवा ऐन खेळात गॅलरीतून यांची हाक आली. "अगं, साखर कुठे ठेवलीयेस?"

सगळी पोरं वर बघायला लागली. माझा पाय गेटकडे वळलासुद्धा. शेजारून मुलगी हळूच म्हणाली, "आई, किचन."

मी पाय मागे घेतला. सर्व्हिस माझी होती. हे वर उभेच होते. मी सर्व्हिस केली.

खेळ संपवून वर गेले तर त्यांनी एकट्यापुरता चहा करून घेतला होता, बिनसाखरेचा. पातेलं ओट्यावर, चहापत्ती सांडलेली. ओरडायला अंगात त्राण नव्हतं. मी आत गेले, माझ्यापुरता चहा टाकला आणि कप घेऊन लगेच बाहेर आले.

"कुकर नाही लावायचा?" यांनी विचारलं.

"लावा की," मी म्हटलं आणि पाय वर घेऊन सोफ्यावर बसले.