लिंबाचा रस आणि टाकीचा घोळ

विषय : सेकंडहँड फिश टँकच्या काचेवरील पांढरे डाग काढण्याबाबत.
संदर्भ : टाकीचे पूर्वीचे मालक, नारायण पेठेतील आपटे, यांनी फोनवर दिलेला सल्ला.

उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, मी माती खाल्ली. कशी, ते सांगतो. चहा घेता घेता ऐका, फक्त हसताना कपाकडे लक्ष ठेवा.

निवृत्तीनंतर घरात आपलं ऐकून घेणारं कोणीतरी हवं असतं. मासे मला योग्य वाटले. उलट बोलत नाहीत! आपट्यांची जुनी टाकी रिक्षातून आणली, तर सुमननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ती दारातच अडवली. बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा काचेवर असा थर, की आत मासा आहे की मगर, कळू नये.

"रविवारी माझ्या बहिणी येणार आहेत. तोवर काच स्वच्छ झाली तर हॉलमध्ये, नाहीतर भंगारात."

मी आपट्यांना फोन लावला. "तुम्ही ही टाकी कधी पुसत होतात का हो?"

"पुसत असतो तर तुम्हाला दिली असती का? लिंबाचा रस चोळा. जातील डाग." फोन बंद. आपट्यांच्या मानानं हे व्याख्यानच झालं.

"लिंबू देऊ का?" सुमननं विचारलं.

इथं माझी विद्वत्ता आडवी आली. "लिंबू नव्हे, लिंब! लिंब म्हणजे कडुलिंब. आपटे जुन्या वळणाचे, शब्द तोलून वापरतात. शिवाय कडुलिंब जंतुनाशक."

"अहो, मी लिंबाचं सरबत करते, ते काय कडुलिंबाचं असतं?"

"चवीवरून शंका यायची. पण कधी विचारलं नाही."

तिनं हातातलं लिंबू परत टोपलीत ठेवलं. माणसानं तिथंच सावध व्हायला नको का?

सोसायटीच्या आवारातल्या झाडाचा पाला आणला. मिक्सर देण्यास नकार मिळाला, म्हणून गॅलरीत खलबत्ता घेऊन बसलो. खालून आमचे सेक्रेटरी परांजपे ओरडले, "काय हो, शुगर निघाली वाटतं?"

"छे! टाकीत घालायचाय. जंतूही मरतील!"

एवढंच बोललो मी. पण आमच्या इमारतीत टाकी म्हटली की एकच, गच्चीवरची! माझा पाला कुटून व्हायच्या आत व्हॉट्सॅप ग्रुपवर बातमी फिरली, की मी पिण्याच्या पाण्यात कडुलिंब ओतला. कोणाला सकाळचा चहा कडू लागल्याचं आत्ता आठवलं. कोणाला मळमळू लागलं. एकाची जुनी खाज थांबली. त्यानं माझे जाहीर आभार मानले.

मी रस काढून काचेला चोळला, तोवर परांजपे गच्चीवरची टाकी रिकामी करायला लावून दारात हजर.

"कोणाच्या परवानगीनं टाकलात?"

"माझी टाकी आहे. मी काय वाटेल ते टाकीन!"

"तुमची? अहो, अख्खी सोसायटी त्यातलं पाणी पिते!"

"काहीतरीच काय! त्यात मी मासे सोडणार आहे."

परांजप्यांनी दाराच्या चौकटीचा आधार घेतला. "मासेसुद्धा?"

शेवटी सुमननं त्यांना गॅलरीत नेऊन माझी टाकी दाखवली. पांढरे डाग जागच्या जागी, आणि त्यावरून हिरवे ओघळ. शेवाळलेली मोरी बरी दिसेल. परांजप्यांनी एका ओघळाला बोट लावून बघितलं.

"यापेक्षा वरच्या टाकीत घातला असतात तर बरं," म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी अख्ख्या इमारतीनं माझं नाव घेत घेत बादल्या वाहिल्या. वाटेत भेटेल तो विचारी, "मासे काय म्हणतात?"

रविवारी सकाळी सुमननं पिवळीधमक लिंबं कापली, फोडी काचेवर चोळल्या, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि पुसलं. काच लख्ख! बहिणी यायच्या आत टाकी हॉलमध्ये विराजमान झाली. आत सुमनचा मनीप्लांट.

"अगं, आणि माझे मासे?"

"साफ मी केली. टाकी माझी. काही म्हणणं असेल तर लेखी द्या. तोंडी सांगितलेलं तुम्हाला कळत नाही."

त्यानुसार, सदर टाकी मासे पाळण्यासाठी मिळावी, असा विनंतीअर्ज मी सुमनकडे सादर केला आहे. तिनं तो वाचून फ्रिजवर ठेवला. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.