लाल चिमटा

आमच्या आत्याची लॉन्ड्री आहे. दुपारी दुकान बंद असलं, की मागच्या खोलीत तिचा इंग्रजीचा वर्ग भरतो. फळा नाही. कपडे वाळत घालायची दोरी, तिच्यावर शब्दांच्या चिठ्ठ्या, आणि 'स' म्हणून एक लाल चिमटा. एकच.

"'शी नीड्स वॉटर.' चिमटा कुठे? 'नीड'ला. आता प्रश्न विचारायचाय. मग 'डू' पुढे येऊन उभा राहतो आणि चिमटा स्वतःला लावून घेतो. 'डज शी नीड वॉटर?' 'नीड' मोकळा! दोघांना पुरायला दुसरा चिमटा काय माझ्या माहेरून आणू? आणि 'दे' असले, की चिमटा खिशात. 'डू दे नीड वॉटर?'"

दवाखान्यातल्या वॉर्डच्या मावशी मात्र हटकून 'डज शी नीड्स' म्हणायच्या. दवाखान्याने घेतलेल्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत त्या दोनदा नापास झाल्या होत्या. ही तिसरी, शेवटची. नापास झाल्या तर नोकरी जाणार. आत्या त्यांच्यावर खेकसायची आणि वर्ग सुटल्यावर चादरींच्या घड्या घालता घालता त्यांच्याकडून तेच प्रश्न पुन्हा घोटून घ्यायची. परीक्षेच्या दिवशी तिने चिमटाच त्यांच्या पर्समध्ये टाकला.

आत्या आणि मी त्यांना सोडायला गेलो, तर दारावरच्या शिपायाने पर्स आत नेऊ दिली नाही. मावशी ती आत्याच्या हातात देऊन गेल्या. दार लागल्यावर आत्याच्या लक्षात आलं.

"अगं बाई, चिमटा! त्याच्याशिवाय तिला काही सुचायचं नाही. मीच सवय लावली, मेलीने!"

आत्याला धीर द्यायला जाणं म्हणजे बोलणी खाणं.

अर्ध्या तासाने मावशी बाहेर आल्या. केस सुटलेले, पार विस्कटलेले. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं गं?"

"बाई, चिमटा तुमच्याकडेच राहिला ना! मग केसांतली क्लिप काढली. टेबलाखाली एकेक बोट म्हणजे एकेक शब्द, आणि क्लिप या बोटावरून त्या बोटावर. साहेबांनी विचारलं, खाली काय चाललंय? दाखवली क्लिप. हसले हो! पास झाले मी!"

आत्या मटकन पायरीवर बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता, पण तोंड कुठलं थांबतंय!

"बस इथे. असा अवतार करून वॉर्डात जाणारेस?"

तिने मावशींना पुढ्यात बसवून केस गोळा केले. क्लिप दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली.