मुक्ताईआत्याची भातमासोळी

मुक्ताई माझी सख्खी आत्या. मुळशीच्या भातखाचरात वाढलेली. पावसात बांध फुटला की पदराची झोळी करून गुडघाभर चिखलात उतरायची, ओंजळ-दोन ओंजळी मासोळी धरायची, हळद-मीठ चोळून तव्यावर टाकायची आणि काट्यासकट चावून खायची. हे मी डोळ्यांनी बघितलेलं. म्हणून पहिल्यांदा तिच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तांदूळ पोचवायला गेलो, आणि हॉलमध्ये काचेची पेटी, पेटीत बोटाच्या पेराएवढ्या मासोळ्या आणि वरून आत्या त्यांना चिमटीनं पीठ भरवतेय असं बघितलं, तेव्हा दारातच थिजलो. खांद्यावरचं पोतं उतरवायचंही सुचलं नाही.

"आत्ये, ह्या तळायच्या कवा?"

"तुझ्या जिभंला काय हाड?" ती मागं न बघता म्हणाली. "पोतं ठिव आधी. मान मोडंल."

मासोळ्या घरात आल्या त्या डासांपायी. तिचा मुलगा आनंद डेंगीनं अंथरुणाला खिळला होता. रक्तातल्या पेशी रोज खाली उतरत होत्या आणि आत्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून डॉक्टरचं तोंड वाचत होती. पोरगा वाचला. पण घरी आली ती बाई वेगळीच. डासाचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाची शीर उडायची. ती थेट बुधवार पेठेत गेली. तिथं एका बोळात शकीलभाईचं माशांचं दुकान होतं. तिनं सांगितलं, "डास खानारा मासा द्या, शोभंचा नगं."

शकीलभाईनं एका पेटीवरची चिठ्ठी दाखवली. राइस फिश. "मावशी, भाताच्या शेतात राहणारी जात आहे. डासाची अळी चट करते."

भाताचं नाव निघालं, मग आत्या दुसऱ्या पेटीकडं बघते कशाला. माहेरची ओळख निघाल्यासारखी ती मासोळी घेऊन घरी आली. तिनं नाव ठेवलं भातमासोळी.

आता ही जात दिसायला काही नाही. चपटी पाठ, डोक्याच्या मानानं मोठाले डोळे आणि मागं चांदीची शिवण मारल्यासारखं अंग. पण दहा-पंधरा मिळून पाण्याच्या वरच्या थरात अशा फिरतात की एक वळली की सगळ्या वळतात. आत्यानं त्यांचं सगळं शिकून घेतलं. नळाचं पाणी दिवसभर कळशीत उघडं ठेवायचं, त्यातला औषधाचा वास गेला की मगच पेटीत ओतायचं. उडी मारून बाहेर पडतात म्हणून वर जाळी. खायला इतकंच द्यायचं की तळाला कण बसता कामा नये.

आणि अंडी. सकाळी मादीच्या पोटाखाली अंड्यांचा घोस लोंबतो, ती तो पाणवेलीच्या मुळ्यांना घासून चिकटवते. घटकाभरानं तीच माघारी येते आणि गिळायला लागते.

"आपल्याच पोटचं खात्यात सटव्या," आत्या सांगायची. तिला त्याचा राग नव्हता. गावाकडं डुकरीण काय करते ते तिनं बघितलेलं होतं. ती मुळ्या उपसायची आणि एकेक अंडं चिमटीत फिरवायची. राजगिऱ्याच्या दाण्यासारखं टणक लागलं की जितं. दबलं, फुटलं की मेलेलं. जिती अंडी मुळ्यांसकट बाल्कनीतल्या ॲल्युमिनियमच्या टोपात. तिथलं पाणी उन्हानं हिरवं होऊ द्यायचं, कारण पिलांचं पहिलं खाणं तेच. दहा-बारा दिवसांत पिलं सुटतात.

ती अंडी डोळ्यांजवळ न्यायची नाही, नुसती बोटांनी निवडायची. मला वाटलं, हात सरावलेला आहे.

दुसरीकडं सोसायटीत आत्यानं दहशत बसवली होती. दर शनिवारी कोरडा दिवस. शिट्टी गळ्यात घालून ती जिने चढायची. कुंडीखालची बशी, कूलरचा तळ, पक्ष्यांची वाटी, जिथं पाणी दिसेल तिथं उपडं. तिसऱ्या मजल्यावरच्या खांबेटेकाकांनी गॅलरीत कमळ लावलं होतं. वर्षभरानं पहिली कळी धरली होती. आत्यानं ते टाकं त्यांच्यादेखत आडवं केलं.

काकांनी नुसता चष्मा पुसला. "मुक्ताबाई, पुढच्या शनिवारी आमचा चहाही ओता. कपात बराच वेळ साचलेला असतो."

"साचू दिऊ नगा. प्या," आत्या म्हणाली.

तिचा टोप मात्र कोणी ओतायचा नव्हता. त्यात अंडी होती.

यंदा श्रावण संपता संपता मी जुना इंद्रायणी तांदूळ घेऊन गेलो तर पेटीत शुकशुकाट. उरलेल्या मासोळ्यांच्या पाठी वाकलेल्या, पोहताना दमत होत्या. ही जात फार वर्षं काढत नाही. अंडी घालणंही थांबलेलं. शकीलभाईनं ही मासोळी आणायची बंद केली होती, म्हणाला गिऱ्हाईक नाही. म्हणजे टोपात होती ती शेवटची अंडी. ती निघाली तर वंश चालला, नाहीतर पेटी धुऊन माळ्यावर.

आत्याचं तोंड उतरलेलं होतं. "आज सकाळी टोपातल्या मुळ्या चाचपल्या. एक बी टणक न्हाय लागलं. नुसती टरफलं. नासली वाटतं सगळी."

"पाण्यात बघितलं का?" मी विचारलं.

"बगितलं की. काय न्हाय."

तेवढ्यात बेल वाजली. शनिवार होता. दारात खांबेटेकाका, हातात सोसायटीची तक्रारवही नाही, काही नाही, नुसती छत्री. आत्याची सून श्रद्धा त्यांना आत घेऊन आली.

"मुक्ताबाई, तक्रार नाही, माहिती देतोय," काका म्हणाले. "माझ्या गॅलरीतून तुमचा टोप दिसतो. त्यावर बांधलेलं फडकं वाऱ्यानं सुटलंय. आत्ता जिन्यात अर्ध्यावर उतरून खिडकीतून नीट पाहिलं. आत वळवळतंय."

आत्या उठली. "काय वळवळतंय?"

"ते आपण मला विचारताय? या विषयातल्या तज्ज्ञ आपण."

आम्ही सगळे बाल्कनीत गेलो. आत्या टोपावर वाकली. डोकं या बाजूला केलं, त्या बाजूला केलं.

"कुटं?"

"इथं. तिथं. सगळीकडे." काकांनी छत्रीचं टोक फिरवलं. "आणि आत्तापर्यंत आपण आमच्याकडे एवढा वेळ लावत नव्हता. तुमच्या टोपाला वेगळा कायदा असेल तर तसं सांगा, आम्ही जातो."

श्रद्धा म्हणाली, "आई, एक मिनिट थांबा, मी मोबाइलचा टॉर्च—"

आत्या थांबली नाही. तिनं दोन्ही कानांना धरून टोप उचलला आणि एका झटक्यात सगळं पाणी फरशीवर ओतलं. हिरवा लोंढा जाळीकडं धावला आणि गटगट करत नळीत उतरला.

"झालं?" ती काकांना म्हणाली. "मुक्ताई सोताचं बी सोडत न्हाय. सांगा खाली समद्यांना."

मी टोप उचलायला वाकलो. ओल्या फरशीवर, माझ्या अंगठ्याशेजारी, कापलेल्या नखाएवढं काहीतरी पडलं होतं. काचेसारखं आरपार. त्याला दोन डोळे होते. मोठाले.

 डासाची अळी गाठ मारल्यासारखी वेटोळी होते. हे सरळ होतं. ते शेपटी आपटत होतं.

"आत्ये," मी म्हणालो, "ही अळी न्हाय. पिलं हायेत. निघाली व्हती."

 जाळीतून शेवटचं पाणी टपटपत होतं. खांबेटेकाकांचा छत्रीवरचा हात तसाच हवेत. टरफलं का लागली ते मला तेव्हा उमगलं. पिलं सुटून गेली होती म्हणून अंडी टणक लागली नव्हती. आत्याच्या बोटांनी बरोबर सांगितलं होतं, तिनं अर्थ उलटा घेतला.

"पाय हलवू नगा," आत्या म्हणाली. आवाज एवढा बारीक की मला तो तिचा वाटलाच नाही. "कुनी पाय हलवू नगा. कुटं हायेत?"

कोपऱ्यात एक फरशी खचलेली होती, तिच्यात ओंजळभर पाणी अडलं होतं. खांबेटेकाका, दोन्ही गुडघे दुखणारा माणूस, कण्हत कण्हत खाली बसले आणि चष्मा त्या डबक्याला टेकवला.

"आहेत. इथं आहेत. श्रद्धा, चमचा दे. स्टीलचा नको, धार लागेल. आइसक्रीमचा लाकडी आहे का?"

"कुटं पर?" आत्याही शेजारी बसली होती. तिचा हात फरशीवरून आंधळ्यासारखा फिरत होता आणि डबक्याच्या वीतभर बाजूला होता.

काकांनी मान वर केली. "तुमच्या हातापाशी तर आहेत. तुम्हाला दिसत नाहीये?"

आत्यानं हात उचलून मांडीवर घेतला.

"आई," श्रद्धा म्हणाली, "माझ्याकडे बघा. माझ्या ड्रेसवर काय आहे?"

"फुलं."

ड्रेस कोरा होता. श्रद्धानं तोंडावर हात धरला. ह्यांच्याच हातचं निवडलेलं धान्य रोज दोन वेळा खात होतो आपण, असं काहीतरी ती पुटपुटली. मी तर खुळ्यासारखा बघतच राहिलो. गॅसपाशी ही बाई, जिन्यात ही बाई, रस्ता ओलांडून भाजीला जाणारी ही बाई.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"लई न्हाय. धुकं पडल्यागत हाय. दोनी डोळ्यांत."

"म्हणजे माझ्या कमळाच्या टाक्यात अळी होती की नव्हती, ते आपण पाहिलंच नव्हतं."

"पानी व्हतं ना. हाताला लागलं."

काका हसतील किंवा भडकतील असं मला वाटलं. ते परत खाली वाकले आणि चमच्यानं एकेक पिलू उचलून श्रद्धानं धरलेल्या वाडग्यात सोडू लागले. वाडग्यात कळशीतलं कालचं पाणी होतं. काही पिलं उलटी झाली ती सुलटी झालीच नाहीत. उरली ती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी. पण ती सरळ पोहत होती, वरच्या थरात, एकमेकांच्या मागं.

श्रद्धानं तिथंच उभ्या उभ्या डोळ्यांच्या डॉक्टरला फोन लावला. आत्यानं हात झटकला. "पिलं मोठी होऊ दे. मंग बगू. आत्ता त्यांच्यापाशी कोन बसनार?"

"तुम्ही बसणार? जास्त पडलं की पाणी नासतं, तुम्हीच सांगता. किती पडतंय ते दिसणारे का तुम्हाला?"

आत्यानं सवयीनं वाडग्यात दोन बोटं घातली. आणि लगेच चटका बसल्यासारखी बाहेर काढली. अंडं चिमटीत कळतं. पिलू चिमटीत आलं तर संपलंच.

तिनं बोटं पदराला पुसली.

"इक्रम," ती मला म्हणाली, "तू ऱ्हा दोन दिस. चिमटी मी दाखिवते. तू टाक." मग सुनेकडं तोंड केलं, थोडं चुकीच्या बाजूला. "किती वाजता बलिवलंय त्या डाक्टरनं?"