तिसरी फेरी

चार वाजता शेजारच्या शेडात गाडी सुरू झाली की मी समजायचो, म्हातारा जित्ता हाय. शंभर आकडे मोजूस्तवर ती चालायची, मग गप. मग दुसऱ्या दिवशीच्या चारपत्तूर काळजी न्हाई.

मी 'समजायचो' म्हनतो, 'समजायचे' न्हाई. आमच्या कोल्हापूरकडं बायका अशाच बोलत्यात. सून पुन्याची. ती आधी लई हसायची. म्हनायची, "आई, डोळे मिटून तुमचं बोलणं ऐकलं ना, की वाटतं घरात कुणी आजोबा आलेत." मी म्हनलो, मग पाया पड की.

तिच्याच बाळंतपनाला मी आयर्लंडात आलो. दोन हजार वीस नुकतं लागलं व्हतं. नास म्हनून गाव, तिथं पोरगा चिपच्या कारखान्यात इंजिनेर. तीन म्हयने ऱ्हायचं ठरलं व्हतं. बाळ झालं आन् इमानंच बंद पडली. तीन म्हयन्याचं दीड वर्स झालं.

शेजारचा म्हातारा ऐंशीच्या फुडं. भिंतीला भिंत लागून घर, परसात मधी लाकडी फळ्यांचं कुंपन. बायकू वारलेली. लेक लेटरकेनीला दवाखान्यात नर्स, लई लांब. गाडी घिऊन यायला बंदी. तिनं पोराला फोन करून सांगितलं, "बाबा रोज चारला बाईक चालू करतात. एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर बघाल का?" पोरगा हो म्हनला आन् कानाला डबडी लावून कामाला बसला. मग ऐकायचं काम माझ्याकडं आलं.

त्याची वळख अशी झाली. पयल्याच उन्हाळ्यात मी परसात बाळाचे लंगोट वाळत घालत व्हतो. तेवढ्यात वास आला. जळक्या एरंडेलाचा. पस्तीस वर्सं झाली व्हती त्या वासाला. शर्यतीच्या गाडीतच एरंडेल जाळत्यात, रस्त्यावरच्या गाडीला असला वास नसतोय. मी बादली पालथी घातली आन् तिच्यावर चढून कुंपनावरनं बघितलं.

शेडाचं दार उघडं. आत गाडी, शेळीसारखी हडकुळी. मागच्या चाकाखाली बॅटरीवर फिरनारा रोळ लावून म्हातारा ती सुरू करायचा, कारन तिला किक नसती. मी बोट करून म्हनलो, "ब्रेक?" एवढं इंग्रजी मला येतंय. त्यानं दोन्ही हात मोकळं करून दाखवलं आन् हसला. मातीच्या गोल मैदानात चौघं पळवत्यात ती गाडी. तिला ब्रेक नसतोय, येकच गेर, आन् फकस्त डावीकडं वळायचं. मी बादलीवरच हँडल धरल्यासारखं हात केलं, डाव्या अंगाला झुकलो, डावा पाय भायेर काढला. मग कपाळावरनं हात फिरवून दाखवलं, माझा नवरा. कुंकू न्हाई. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

तवापास्नं आमचं जमलं. तो इंग्रजीत, मी मराठीत. येकमेकांचं एक अक्षर कळत नसायचं, पन रेसमध्ये बोलायला असतंय काय?

त्या साली पोलंडातल्या रेस टीव्हीवर दावत व्हते. म्हातारा टीव्ही मागच्या खिडकीत आमच्याकडं तोंड करून ठेवायचा. तो त्याच्या परसात खुर्चीवर, मी आमच्या. कुंपनाची येक फळी त्यानं काढून ठेवलेली. उन्हाळ्यात तिकडं दहा वाजेपत्तूर उजेड असतोय. पन त्या रेस बघवत न्हवत्या. बघायला मानूसच न्हाई. एवढालं मैदान, सगळ्या खुर्च्या मोकळ्या, आन् मधी चौघं फिरत्यात. कुनी वरडत न्हाई, टाळी न्हाई. पैला आला त्यानं येकदा सवयीनं हात वर केला, मोकळ्या खुर्च्यांकडं बघितलं आन् हळूच खाली घेतला. सून बाळाला घिऊन दारात उभी व्हती. म्हनली, "आई, कसं भुतांसाठी चाललंय असं वाटतं." मी म्हनलो, "त्यांनी तरी का बघू नये?"

मी ह्या खेळात कच्ची न्हवं. नवरा गावाभायेरच्या मैदानात धा वर्सं पळला. मी दर टायमाला हजर. म्हनून सांगतो, चालवनाऱ्याच्या तोंडाकडं बघू नये, मागचं चाक बघावं. चाक कवा सुटतंय आन् कवा माती धरतंय, सगळा खेळ तिथं. सुटायच्या आधी जो शेजारच्याकडं बघतोय तो हरला. आन् ब्रेक न्हाई ते बरंच हाय. ब्रेक असला की मानसाला वाटतं आपून थांबू शकतो.

आता कडंला हवेच्या उशा लावत्यात. पडलं तर मानूस उशीत जातोय. म्हाताऱ्याला ते पटायचं न्हाई, नाक मुरडायचा. त्याला मी साफ सांगितलं, मराठीतच. ज्याला उशीत मजा वाटत न्हाई त्यानं सा वर्सं येका मानसाला कुशीवर वळवून बघावं.

आमच्या टायमाला फळ्या व्हत्या. नवरा तिसऱ्या फेरीला फळीत गेला. कमरेखाली सगळं गेलं. पोरगा तीन वर्साचा. मी फौंड्रीत कोअर करायला लागलो, वाळूचं साचं असत्यात ते. सकाळी त्याला धुवायचं, वळवायचं, मग कामावर, आलं की परत वळवायचं. गाडी काय त्यानं इकू दिली न्हाई. लोक म्हनायचं, कुनीतरी न्हील चोरून. म्हनून तिचा प्लग काढून उशाखाली ठेवायचा. प्लग नसला तर गाडी ब्रह्मदेव आला तरी सुरू व्हत न्हाई. गेला तवाबी प्लग उशाखालीच व्हता.

सासू हयातीत येकदाच रेस बघायला आली व्हती. अर्ध्यातनं उठली. म्हनली, "ही पोरं उलटी का फिरत्यात? देवाभवती मानूस उजवीकडनं फिरतंय. उलटं फिरत्यात ते मढ्याभवती." मी तवा हसलो व्हतो. नवरा गेला तवा पोरगा नऊ वर्साचा. पान्याचं मडकं खांद्यावर पेलवंना त्याला. बायका मसनात जात न्हाईत, पन मी गेलो, मडक्याला खालनं हात लावून त्याच्यासंगं फिरलो. डावं अंग आत, सरनाकडं. येक फेरी, मडक्याला येक भोक. तीन फेऱ्या. तिसरी झाली की मडकं मागं टाकायचं, मग वळून बघायचं न्हाई. तिसरी झाली की तो मानूस तुमचा न्हाई.

हे मी म्हाताऱ्याला कधी सांगितलं न्हवतं. सांगनार कसं?

आता त्या दिवसाचं. एकवीस सालचा पयला म्हयना. परत सगळं बंद. कुनाच्या घरात पाय ठेवायचा न्हाई. गवत बर्फानं पांढरं, दिवसभर तसंच. चार वाजले तवा उजेड मेल्यागत झाला व्हता. मी सैपाकघरात बाळाची पेज ढवळत व्हतो.

गाडी सुरू झाली. मला बरं वाटलं. आवाज जरा बारीक व्हता. म्हाताऱ्याच्या गाडीला जाड आवाज, छातीत बसनारा. थंडीनं घसा बसला असंल, म्हनलो. मोजायला लागलो. शंभर झाले. बंद न्हाई. दीडशे झाले. शर्यतीचं इंजन उभ्याउभ्या एवढं कुनी चालवत न्हाई, तापून बसतंय. म्हाताऱ्याला तर गाडीचा जीव स्वतापेक्षा ज्यादा.

मग आवाज हलला.

शेडातनं तो परसाच्या कडंला गेला, घराच्या मागनं फिरला, लांब गेला, परत आला. वळनावर मधीच येक ठोका चुकायचा. ट्र्र्र, मग काय न्हाई, मग ट्र्र्र. मी खिडकीतनं बघितलं. बर्फ तसाच पांढरा, येक रेघ न्हाई. आवाज खिडकीपुढनं गेला. डावीकडं. येक फेरी झाली.

मी वर गेलो, पोराच्या खांद्याला हात लावला. त्यानं मानसं दिसत्यात तो पडदा बंद केला.

"आई, मीटिंग चालू आहे."

"कानातलं काढ. गाडी ऐक."

त्यानं काढलं. मान वाकडी करून ऐकलं. "कुठली गाडी? काहीच आवाज नाही."

"आता मागनं चाललीय. वळली बघ."

"आई." माझ्याकडं बघायला लागला. "तुला बरं वाटतंय ना? ताप बघू का?"

सून जिन्यात आली. "आई, काय झालं?"

"तुला आवाज येतोय?"

"बाळ रडतंय तेवढाच."

"आन् एरंडेलाचा वास?"

"मला दोन महिन्यांपासून कसलाच वास येत नाही, तुम्हाला माहितीय." बरोबर. आजारातनं उठल्यापास्नं तिचं नाक गेलं व्हतं. घरात वास येनारं नाक माझं येकलीचं. आन् घर सगळं एरंडेलानं भरलं व्हतं.

आवाज परत खिडकीपुढनं गेला. दुसरी झाली.

मी तशीच खाली उतरलो. शाल घेतली, पोराची रबरी चप्पल पायात घातली आन् मागच्या दारानं भायेर. पोरगा मागनं, "आई, त्यांच्या घरात जायला परवानगी नाही, थांब, मी फोन करतो." मी फळी काढलेल्या जागंतनं आडवी हून पलीकडं गेलो. बर्फावर पाय घसरत व्हता. आवाज घराच्या पलीकडच्या अंगानं येत व्हता, जवळ जवळ. सगळं ध्यान येकाच गोष्टीत, ह्यो खिडकीपत्तूर पोचायच्या आत दार उघडायचं. शेडाचं दार फुगलं व्हतं. खांदा मारला. दुसऱ्यांदा मारला तवा उघडलं.

आवाज गेला. कापल्यासारखा.

आत म्हातारा पडला व्हता. गाडीच्या शेजारी, कुशीवर, येक पाय वाकडा. अंगात झोपायचे कपडे, वरनं कोट. चहाचा कप कलंडलेला, सांडलेला चहा गोठून काच झालेला. म्हंजे सकाळपास्नं पडला व्हता. डोळे अर्धे उघडे. नाकापुढं हात धरला तर वाफ व्हती, बारीक.

मी शाल त्याच्यावर टाकली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आन् पोराला हाक मारली. तवर माझा हात आपसूक गाडीकडं गेला. नवरा घरी आला की मी आधी इंजनाला हात लावून बघायचो. किती तापलंय त्यावरनं कळायचं किती पळलाय. ह्या इंजनाला हात लावला तर बर्फ. हात चिकटला. प्लगच्या जागी नुसतं भोक.

म्हाताऱ्याची मूठ घट्ट मिटलेली. मी बोटं उघडली. आत प्लग.

पोरगा दारात आला. मी त्याला प्लग दाखवला. तो शिकलेला, त्याला सांगावं लागलं न्हाई. त्यानं प्लगकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं न्हाई. फोन लावला.

नासच्याच दवाखान्यात न्हेलं. कमरेचं हाड मोडलं व्हतं. डाक्टरनी लेकीला सांगितलं, अजून थोडा येळ गेला असता तर अवघड व्हतं. पोरानं मला नंतर इचारलं, "आई, तुला कसं कळलं?" मी म्हनलो, चार वाजता आवाज आला न्हाई म्हनून गेलो. त्याला ते बरं पडलं.

उन्हाळ्यात म्हातारा काठी घिऊन परत आला. लेकीला यायची परवानगी मिळाली व्हती. ती, म्हातारा, पोरगा, मी, चौघं परसात बसलो. म्हातारा मला काय काय सांगत व्हता, पोरगा मराठीत करून द्यायचा.

"ते म्हणतात, थंडीत सिलेंडरमध्ये तेल सोडायला प्लग काढला आणि पाय घसरला. ओरडून घसा गेला."

मी मान हलवली.

"म्हणतात, मग खूप वेळानं बाईकचा आवाज आला. वाटलं, शेवटची रेस चाललीय. घराभोवती कुणीतरी फिरत होतं." पोरगा थांबला. म्हाताऱ्यानं त्याला हातानं खुनावलं, सांग. "ते लॅप्स मोजत होते. म्हणतात, दोन झाल्या. तिसरी पुरी व्हायच्या आधी तू दार उघडलंस."

लेक म्हनली, थंडीत पडल्यावर मानसाला असले भास हुत्यात, तिनं दवाखान्यात लई बघितलंय. म्हातारा तिला "ग्रँड, ग्रँड" म्हनला. त्याला सगळ्यालाच ग्रँड, म्हंजे बरं बरं, म्हनायची सवय हाय. पन बघत माझ्याकडं व्हता.

मग त्यानं आवाज काढून दाखवला, तोंडानं. त्याच्या गाडीचा न्हाई. बारीक. ट्र्र्र, मग काय न्हाई, मग ट्र्र्र.

नवऱ्याच्या गाडीचा वळनावर ठोका चुकायचा. कारबोरेटर कितींदा खोलला तरी गेला न्हाई. मी बाळाला मांडीवर घेतलं आन् म्हनलो, चहा करतो.

इमानं सुरू झाली तवा पोरानं माझं तिकीट काढलं. जाईस्तवर रोज चार वाजता मी फळीतनं पलीकडं जायचो. म्हातारा खुर्चीवर बसून गाडी सुरू करायचा, मी शंभर मोजायचो. बंद झाली की आधी माझा हात इंजनाला. चांगलं चटका बसंल असं तापलेलं असायचं. हात भाजला की बरं वाटायचं.