कोल्ड स्टोरेजच्या गच्चीवरचा गेटवे

गौतमपुऱ्याच्या रस्त्यावरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये साठवलेल्या आपल्या बटाट्यांना किती थंडी वाजते आहे, हे राजवाड्यामागच्या गल्लीत गादीवर बसून पाहायची हौस ज्या माणसाला येते, त्याच्याबद्दल मला आदर वाटावा अशी अपेक्षा कुणी करू नये. शेठना ती हौस आली होती. कोल्ड स्टोरेजच्या प्रत्येक चेंबरमध्ये बॅटरीवर चालणारी डबी लावायची, तिने आतलं तापमान आणि ओल मोजून आकडे रेडिओने बाहेर फेकायचे, गच्चीवरच्या एका मोठ्या डब्याने सगळ्या डब्यांचं बोलणं गोळा करायचं आणि टेलिफोनच्या तारेवरून थेट शेठच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर पोचवायचं, असा हा थाट होता. त्या मोठ्या डब्याला गेटवे म्हणतात हे कळल्यापासून शेठ दिवसातून दहा वेळा गेटवे म्हणत. "भिया, अपन इंदौर में पहले हैं, पहले. दिल्लीवालों के पास भी नी मिलेगा," असं त्यांनी मला कचोरी खाता खाता सांगितलं होतं. बटाटे नीट राहतील की नाही, हा प्रश्न त्यांच्या बोलण्यात एकदाही आला नाही.

हे यंत्र त्यांच्या गळ्यात मारणाऱ्या कंपनीत मी नोकरीला होतो. त्याआधी नऊ वर्षं मी मिलच्या इलेक्ट्रिक खात्यात सुपरवायझर होतो. एका सकाळी फाटकावर नोटीस लागली आणि आमच्या मिलचा भोंगा वाजायचा थांबला. त्या वर्षांत वर्तमानपत्रं उदारीकरणाचे गोडवे गात होती, आणि ज्यांनी जन्मात कधी कापसाची गासडी उचललेली नव्हती असे लोक मिल बंद पडल्या तेच बरं झालं म्हणून चौकाचौकांत शहाणपण पाजळत होते. त्यातल्याच एकाने मला नोकरी दिली. इंदूरच्या उन्हात टाय लावून मी कारखान्या-कारखान्यांत फिरायचो आणि मला स्वतःलाच पुरती न समजलेली यंत्रं विकायचो. घरी बायको म्हणायची की टायमध्ये तुम्ही छान दिसता. मला तो टाय पाहिला की हसू यायचं, पण लावायचो.

या कोल्ड स्टोरेजमध्ये वायरमन म्हणून मीच एकाला चिकटवलं होतं. मिलमध्ये ते माझ्या हाताखाली होते असं कागदावर होतं. खरं म्हणजे डिप्लोमा घेऊन मी तिथे गेलो तेव्हा काम मला त्यांनी शिकवलं. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणायचो. मिल बंद झाल्यावर पाच-सहा वर्षं त्यांनी लोकांचे मिक्सर दुरुस्त केले, लग्नाच्या मांडवात दिव्यांच्या माळा सोडल्या. पन्नाशी उलटलेल्या मिल कामगाराला शहरात कुणी दारात उभं करत नव्हतं. इथे त्यांचं काम दर दोन तासांनी प्रत्येक चेंबरमध्ये जाऊन थर्मामीटर वाचायचं आणि वहीत लिहायचं होतं. म्हणजे जो गेटवे मी शेठना विकला, तो काकांच्याच पोटावर येणार होता.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मी शेठशी बोललो. शेठ म्हणाले, "मशीन सँभालने को भी तो आदमी चइये. मुहूर्त अच्छे से हो जाए, फिर इनको पक्का कर देंगे." तोवर काका कच्चे होते, महिन्या-महिन्याच्या बोलीवर. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू बोललास ना, बस. डबा मीच चढवतो वर, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको." आपण केवढे उपकार केले, या भावनेने मी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

यंत्राबरोबर पुण्याहून एक इंजिनिअर आला. वय पंचविशीचं, बूट पांढरे. आल्या आल्या त्याने माझं आणि काकांचं बोलणं ऐकून विचारलं, "तुम्ही मराठी बोलताय की हिंदी? कळतच नाही हो." चार पिढ्या आम्ही इंदुरात काढल्या, आमच्या भाषेला नाव ठेवायला पुण्याचा माणूस लागतोच. त्याच्याजवळ इंग्रजी पुस्तिका होती आणि तिच्यातली वाक्यं तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचा. अँटेना जोडल्याशिवाय डब्याला करंट द्यायचा नाही, नाहीतर आतला रेडिओ जळतो. खांब विजेच्या तारांपासून लांब हवा. खांबाला आणि डब्याला पक्कं अर्थिंग हवं, म्हणजे वीज पडली तर ती यंत्रात न शिरता जमिनीत जाईल. वाक्यं सगळी बरोबर होती. ती वाचून झाल्यावर त्याने अर्थिंगची तार गच्चीच्या रंगवलेल्या कठड्याला स्क्रूने आवळली आणि पुस्तिकेत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

डबा कुठे लावायचा यावरच पहिला दिवस गेला. शेठच्या वास्तूवाल्याने विजेच्या वस्तूसाठी आग्नेय कोपरा सांगितला होता, आणि आग्नेय कोपऱ्यात पाण्याची भलीमोठी लोखंडी टाकी होती. टाकीच्या आड डबा ठेवला तर निम्म्या चेंबरचा आवाज पोचेना. इंजिनिअर म्हणाला सॉफ्टवेअर बघावं लागेल. वास्तूवाला म्हणाला टाकीच मुळात चुकीच्या जागी आहे. हे दोघे आपापल्या परीने विद्वान चर्चा करत असताना काकांनी डबा काखेत मारला, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन धरला आणि वरून मला ओरडून विचारलं, "आता येतंय का सगळ्यांचं?" सगळ्यांचं येत होतं. मग शेठना पटवायला वास्तूवाल्याने त्या खांबाच्या बुडाशी तांब्याचा तुकडा पुरायला सांगितला, आणि अशा रीतीने तिथेही आग्नेय झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा चाळीसचा मुहूर्त होता, बारा मिनिटांचा. त्या बारा मिनिटांत शेठ स्वतः स्विचचा दांडा वर करणार, लाल दिवा लागणार, दुकानात बसलेला त्यांचा मुलगा फोन करून आकडे सांगणार, असं ठरलं होतं. सकाळी आठला मी पोचलो तेव्हा काका कठड्याची तार सोडवून बसले होते.

"हे बघ," म्हणाले. त्यांनी शंभरचा बल्ब घेतला, एक टोक करंटला आणि दुसरं अर्थिंगच्या तारेला लावलं. बल्ब नुसता लालसर झाला. "पूर्ण पेटायला पायजे. कठडा रंगाने मढलाय, आणि खालचा अर्थिंगचा पिट एकदम सुखा. नुसतं लोखंड गाडलंय, भिया. बिजली पडली तर जाणार कुठे?"

मी इंजिनिअरकडे पाहिलं. तो म्हणाला, "ते नंतर करता येईल, मुहूर्त होऊ दे." मलाही तसंच वाटत होतं. काकांनी आमच्या दोघांकडे लक्ष न देता कुदळ मागवली. कूलिंग टॉवरचं पाणी बारा महिने गळून जिथे जमीन कायम ओली असे, तिथे त्यांनी नवा खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं, पट्टी पुरली आणि ती खांबापर्यंत नेली. बल्ब पुन्हा लावला, तो लख्ख पेटला. तोवर अकरा वाजत आले होते आणि वरच्या डब्यातली जोडणी अजून बाकी होती.

वर चढण्यापूर्वी त्यांनी खालच्या स्विचचा दांडा पाडला आणि त्याला आपला बिल्ला बांधला. हा बिल्ला काय ते सांगायला हवं. मिलमध्ये प्रत्येक वायरमनचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला असे. लाइनवर काम करायला जाताना तो स्विच बंद करून दांड्याला सुतळीने आपला बिल्ला बांधायचा, आणि ज्याचा बिल्ला त्यानेच येऊन तो सोडायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एकदा सूतकताईचं अख्खं खातं अर्धा तास बंद राहिलं, कारण बिल्लेवाला चहाला गेला होता. मॅनेजर तिथे उभा राहून शिव्या देत होता, पण बिल्ल्याला त्यानेही हात लावला नाही. मिलने आमचं खूप काही बुडवलं, पण ही एक गोष्ट तिथे कधी मोडली गेली नाही.

साडेअकराला गाड्या आल्या. शेठ, शेठाणी, भटजी, चार व्यापारी, आणि फोटोवाला. भटजींनी स्विचच्या लोखंडी पेटीवर स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली. बिल्लाही पूजेपैकीच काही असेल असं समजून शेठाणींनी त्याला हळदकुंकू लावलं. एका व्यापाऱ्याने त्याला हात जोडले. मी बाजूला उभा राहून मनातल्या मनात त्या सगळ्यांची टर उडवत होतो. परदेशातून यंत्र आणायचं आणि ते चालावं म्हणून पितळेच्या चकतीला कुंकू लावायचं, या लोकांच्या हातात देशाचा कारभार जाणार होता.

अकरा चाळीस झाले. मी वर ओरडलो, "काका, झालं का?"

"दहा मिनिटं. तारा हातात आहेत. अँटेनाही लागायचीय."

पाच मिनिटं गेली. भटजी घड्याळाकडे पाहू लागले. शेठचा चेहरा बदलत गेला. शेवटी ते मला म्हणाले, "अरे भिया, मुहूर्त निकल रिया है. चालू करो ना. तुम्हारी कंपनी का काम है कि नी?" व्यापारी माझ्याकडे पाहत होते. इंजिनिअर आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहत होता. अँटेनाशिवाय करंट द्यायचा नाही हे वाक्य त्याने आम्हाला तीनदा वाचून दाखवलं होतं, आता तो ते विसरला होता.

मी म्हणू शकलो असतो की वर माणूस आहे. एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला ना डिप्लोमा लागतो ना टाय. पण कंपनी लोक कमी करणार अशी कुणकुण होती, आणि शेठच्या एका फोनवर माझं नाव त्या यादीत गेलं असतं. काका तारा जोडून मोकळे झालेच असतील, असं मी स्वतःला सांगितलं. मी पुढे झालो, झेंडूची माळ जरा बाजूला केली, बिल्ल्याची सुतळी सोडली आणि शेठना म्हणालो, "करा."

शेठनी दांडा वर केला. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या.

लाल दिवा लागला नाही. दांडा पुन्हा खाली, पुन्हा वर. काही नाही. दुकानातून मुलाचा फोन आला की स्क्रीन कोरी आहे. अकरा बावन्न झाले आणि भटजींनी मान हलवली.

काका शिडी उतरून आले. स्विचजवळची गर्दी पाहून त्यांना कळायचं ते कळलं. त्यांनी शर्टाच्या खिशातून चिनीमातीचे दोन फ्यूज काढले. वर जाण्याआधी ते त्यांनी पेटीतून काढून नेले होते. मिलमध्ये त्यांनी असं कधी केलेलं मला आठवत नाही, तिथे बिल्ला पुरायचा. "मी काढले होते, शेठजी," ते म्हणाले. "हातात नंगी तार होती."

त्या फ्यूजमुळे माणूस वाचला होता आणि यंत्रही वाचलं होतं. शेठना त्यातलं काही दिसलं नाही. चार व्यापाऱ्यांसमोर त्यांचा मुहूर्त फसला होता. "अपशकुनी आदमी," ते म्हणाले. "कल से मत आना." काकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी टायची गाठ सारखी केली आणि इंजिनिअरला म्हणालो की आपण जोडणी पूर्ण करून घेऊ.

काकांनीच ती पूर्ण केली. अँटेना घट्ट केली, फ्यूज जागेवर घातले, दिवा लागला. मग ते बिल्ला घ्यायला आले. माझ्या हातातून त्यांनी तो सुतळीसकट घेतला आणि सुतळी निरखून पाहिली.

"शेठने काढला असता तर तोडली असती," ते हळूच म्हणाले. "ही गाठ सोडलीय. मिलवाल्यानेच सोडलीय."

मी म्हणालो, "काका, मला वाटलं तुमचं झालं असेल."

"विचारलं तर होतंस," ते म्हणाले. "मी सांगितलं पण होतं." आणि डबा घेऊन, म्हणजे त्यांचा जेवणाचा डबा, ते फाटकाबाहेर पडले.

शेठची, भटजीची, त्या पुणेकराची ही हकीकत मी लग्नाकार्यांत रंगवून सांगतो. कुंकू लावलेल्या चकतीपाशी लोक पोट धरून हसतात, मी तिथेच थांबतो. त्या दिवशी काका गेल्यावर थोड्या वेळाने कागदांवर सह्या घेऊन मी स्कूटरवर निघालो. काका उन्हातून रस्त्याच्या कडेने बसच्या थांब्याकडे चालले होते. मागे येणारी स्कूटर ऐकून त्यांनी वळून पाहिलं आणि ओळखून थोडे कडेला थांबले, नेहमी मागे बसायला थांबायचे तसे. मी वेग वाढवला.