अंगठ्याखालचा कागद

मार्चमधल्या एका सोमवारी कर्जतच्या दिवाणी कोर्टात आप्पांना दोन हजार रुपये कॉस्ट, म्हणजे तारीख वाया घालवल्याचा भुर्दंड, लागली. हजर होते आप्पा, त्यांच्या वकीलबाई, दावा लावणारा त्यांचा चुलतभाऊ आणि सोबतीला मी. रक्कम चुलतभावाला द्यायची होती. आप्पा माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "दोन हजार घे म्हनावं. कागद नाय दावनार."

आप्पा पळसदरीजवळच्या आमच्या वाडीतले, माझे शेजारी. गेल्या पावसाळ्यात ते वारले. कागद दाखवायची त्यांची एक तऱ्हा होती. रेशनकार्ड असो की विजेचं बिल, लांबून धरायचे, मजकुरावर अंगठा ठेवायचे आणि आपण पहिली ओळ वाचेपर्यंत घडी घालून मोकळे. "बगितलंस ना? बास."

गॅसवाला म्हणायचा, "आप्पा, अंगठा काढा, नंबर त्याच्याखाली हाय."

"नंबर मी वाचतो. तू लिव."

हसू नका. तुमच्याही आळीत असा कुणी असेल, आणि तसं व्हायला त्याला कारणही असेल. आपल्याकडे फार्महाउसांचे प्लॉट पडू लागले तेव्हा एका दलालाने आप्पांच्या शेताचा मूळ कागद झेरॉक्सला म्हणून नेला, तो परत आलाच नाही. "बारा वर्षं झाली," आप्पा सांगायचे, "अजून झेरॉक्स निघतंय!"

दावा घरामागच्या खळ्याचा होता. साडेतीन गुंठे जागा, भात झोडायची. विहिरीची वाटही तिच्यातूनच. चुलतभाऊ खोपोलीत राहायचा. त्याला ती जागा बंगल्यासाठी विकायची होती. तो म्हणे, खळं माझ्या बापाचं. आप्पा म्हणत, दोघांच्या बापांनी वाटणी करून कागद केलाय, दोघांच्या सह्या आहेत, खळं आमच्याकडे आलं. हे त्यांनी कोर्टाला लिहूनही दिलं. मग कोर्टाने सांगितलं, तो कागद शपथेवर दाखल करा आणि वादीला पाहू द्या. एवढंच.

"त्यालाच दावू?" आप्पा बाईंवर उखडले. "ज्याला खळं गिळायचंय त्याच्या हातात देऊ? फाडला म्हंजे?"

"आप्पा, माझ्यासमोर बघेल तो. कोण फाडतंय?"

"शेवटच्या तारखेला मी सायबाच्या हातात देनार. बगाच तुमी."

"अहो, तोवर तुमचं ऐकूनच घेणार नाहीत!"

बाईंनी मुदत मागितली, मिळाली. कॉस्ट लागली, आप्पांनी ती भरली. पुन्हा मुदत मिळाली. मग नोटीस आली: बचाव का काढून टाकू नये? तरीही अंगठा हलला नाही. जूनमध्ये हुकूम झाला, प्रतिवादीचा बचाव काढून टाकण्यात येत आहे. मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. बाईंना मी दोनदा विचारलं.

"म्हणजे आप्पांनी दाव्याला उत्तरच दिलं नाही असं धरून पुढे चालणार," त्या म्हणाल्या. "तो कागद आता पुरावा म्हणून पुढे करता येणार नाही."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. आप्पांनी शर्टाची वरची बटणं काढली, बंडीच्या आतल्या खिशातून दुधाची धुतलेली पिशवी ओढली आणि तिच्यातून तो कागद.

"हाय की माज्याकडं! गेला कुठं?"

कागद कोर्टात होता. प्रत्येक तारखेला. न्यायाधीशांच्या टेबलापासून दहा-बारा फुटांवर, आप्पांच्या छातीशी. बाई मटकन पायरीवर बसल्या. आप्पा आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. आम्हाला आनंद का होत नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

बाईंनी अपिलाचं सांगितलं. "तितं पन कागदच मागतील ना?" म्हणून ते घरी बसले ते बसलेच. मुदत गेली. दिवाळीनंतर निकाल लागला: खळं चुलतभावाचं, वर दाव्याचा खर्च चार हजार सहाशे चाळीस रुपये आप्पांनी त्याला द्यायचा.

त्या दिवसापासून आप्पांनी बायकोशीही चार शब्दांपलीकडे बोलणं टाकलं. पैसे द्यायला मी त्यांच्याबरोबर खोपोलीला गेलो. चुलतभावाने नोटा मोजल्या, पावती लिहिली आणि म्हणाला, "आता तरी दाव रं तो कागद. का नव्हताच?"

आप्पांनी बंडीत हात घातला. पिशवी काढली, कागद उलगडला आणि सरळ त्याच्या हातात दिला. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो. तो खाली, मांडीवर होता.

चुलतभाऊ वाचत गेला आणि तळाशी थांबला.

"सही माज्या बापाचीच हाय."

चहा घेऊन आलेली त्याची बायको दारातच उभी राहिली.

"बंगलेवाल्याकडनं इसार घेऊन झालाय रं माजा," तो खाली बघत म्हणाला. मग त्याने कागदाची जुन्या घड्यांवरच घडी घातली, तो पिशवीत सरकवला आणि आप्पांना परत दिला. चहा कुणीच घेतला नाही.

कॉस्टचे दोन हजार धरून आप्पांनी एकूण सहा हजार सहाशे चाळीस रुपये दिले, सगळे चुलतभावाला. जिना उतरताना मी पावती त्यांच्यापुढे धरली, पण त्यांचं लक्ष नव्हतं. पिशवी छातीशी धरून ते मधल्या पायरीवर थांबले.

"फाडला नाय रं त्यानं," आप्पा म्हणाले.